उतरलेलं कापड

जानेफळ, ता. मेहकर
१९ सप्टेंबर २०२४

समता,

जयभीम.

तुहा फोन मी मुद्दामच उचलून नाही राह्यली. मोबाइल बिघडला नाही, रेंज बी आहे. फोनवर मी दोन शब्द बोलली की तू रडते, अन् तू रडली की मले माहा मुद्दा आठवत नाही. म्हणून लिहून राह्यली. अंगणवाडीचं रजिस्टर मी तीस वर्षं शुद्ध मराठीत भरलं, आता अंगणवाडी सुटली. आता माह्या बोलीत लिहीन अन् तुले पूर्ण वाचावं लागन.

तुही यादी मिळाली. जानेवारीत आठ फ्रेंच पाहुणे घेऊन येऊन राह्यली, त्यायले 'खरं खेडं' पाह्यचं आहे, अन् त्यासाठी मी घर तयार ठेवायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकून राह्यली. तर आता एकेक ऐक.

गॅस झाकून ठेव अन् अंगणात चूल मांड, म्हणते. चुलीच्या धुरानं तुह्या आजीचे डोळे गेले. शेवटची चार वर्षं ती मले पायाच्या आवाजावरून ओळखे. गॅस आला त्या दिवशी तिनं शेगडी चाचपून पाह्यली अन् विचारलं, "महामाया, मंग धूर कुठं जाते व?" तू तिथंच होती, दहावीत. विसरली असशीन.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या लपव, म्हणते. पाहुण्यायले जमिनीवर बसाले आवडते. बसू दे ना! मी खुर्चीवर बसीन. ज्या गावात माहा बाप उभ्यानंच बोलला, तिथं मी खुर्चीवर बसून चहा पिते. ते खुर्ची प्लॅस्टिकची आहे का सागाची, मले काय करायचं?

टाइलवर शेणाचा सडा टाक. अव माय! टाइलवर शेण धरते का? तुह्याच पैशाच्या टाइल आहेत. चार वर्षांआधी तूच रंग पसंत केला, अन् आता त्या दिसल्या तर तुले लाज वाटते.

टीव्हीवर कापड टाक. नाही टाकत. मी नऊवारी नेस. मी जन्मात नेसली नाही, तुही आजी नेसे.

अन् शेवटचं. गोधडीच्या कार्यशाळेसाठी गावात घरोघर फिर अन् जुने कपडे मागून आण. "तुले तर सगळे ओळखतात आई, कोणी नाही म्हणणार नाही." हे मी करणार नाही. काऊन, ते विचारू नको.

महामाया
(आई लिहायची आज इच्छा नाही.)


६ ऑक्टोबर २०२४

समता,

जयभीम.

तुहा सात मिनिटांचा निरोप ऐकला. दोनदा ऐकला. तू म्हणते मी बदलली, कडू झाली. तू म्हणते, "आई, तू इथं आली होती तेव्हा तर किती खूश होती. तुलेच हे गाव माह्याहून जास्त आवडलं होतं." अन् वरून पुन्हा तेच, जुन्या कपड्याले नाही काऊन म्हणते?

हाव. आवडलं होतं. घे, कबूल. मे महिन्यात फ्रान्समधल्या तुह्या त्या गावात उतरली तेव्हा मी मनात म्हणलं, पोरगी इथं चार वर्षं कशाले थांबली ते समजलं. पहिल्या सकाळी मी एकटीच बाहेर पडली. तू झोपली होती. रस्त्याच्या मधोमध चालली. एक म्हातारा भेटला, टोपी काढून "बोंजूर मादाम" म्हणला. मंग पाववाली, मंग पोस्टवाला. मी शेवटपर्यंत गेली अन् वापस आली अन् पुन्हा गेली, नुसतं ते ऐकाले. मले कोणी आडनाव विचारलं नाही. इथं लेकरू अंगणवाडीत घालाले आलेल्या बाया बी आधी माहं आडनाव विचारत.

अन् ओदेत. तुह्या शेजारची ओदेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नदीकाठच्या फांद्यायचे टोपले इणणारी. तू मले तिच्या शेडमध्ये बसवून कामाले जाये, की दोन तास आई गुंतून राह्यन. तुले काय वाटलं, आम्ही मुक्या बसत होतो? मी तिले तुऱ्हाटीचं, तुरीच्या काड्यायचं, टोपलं कसं धरतात ते तिच्याच फांद्यायवर दाखवलं. तिनं माह्या हातावर चापट मारली, काऊन की मी बुड उलटं बांधलं. मंग मी तिच्या हातावर मारली. ती मराठीत 'आवळ' म्हणाले शिकली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावाची दगडी भट्टी पेटली, तेव्हा ती मले घेऊन गेली. भट्टी साऱ्या गावाची, पीठ ज्याचं त्याचं. मी ज्वारीचं नेलं. माही भाकर चिरली, तरी मेयरनं मागून खाल्ली. मी त्या रात्री तुह्याजवळ म्हणली होती, "इथं मले एक खोली भाड्यानं पाह्य." तू हसली. मी मस्करी नव्हती करून राह्यली.

म्हणून जास्त लागलं समता. वाईट गावात वाईट झालं असतं तर सोडून दिलं असतं.

तुह्या गोधडीच्या कार्यशाळेचा तो रविवार. अकरा बाया, दोन माणसं, लांब टेबल, मधात तू इथून नेलेली आजीची गोधडी पसरलेली. तू गोधडी दाखवून त्यायले सांगून राह्यली, अन् मले कौतुकानं मराठीत बी सांगितलं, "मी म्हणलं की जानेफळात सगळ्या घरच्या बाया एकत्र बसून गोधडी शिवतात. गाणे म्हणतात." पत्रकात बी छापलं तेच. मी मान डोलावली. पाहुणी आहे, म्हणलं.

मंग मी गोधडीची कड पाह्यली. आजीनं ते गोधडी तू जन्मली तेव्हा सुरू केली. तिच्या लुगड्याचे तुकडे आहेत, आजोबाच्या धोतराचे, माह्या अंगणवाडीच्या साडीचे, तुह्या शाळेच्या निळ्या स्कर्टचे. एका बाजूनं हातभर पट्टी राह्यली होती तेव्हा आजी गेली. ते पट्टी भरलेली होती. पांढरी लेस, कोणाच्या तरी चादरीचा तुकडा, कोणाचं तरी नाव भरलेला रुमाल. तू म्हणली, "जुन्या बाजारातून आणलं आई, शंभर वर्षं जुनं आहे, किती सुंदर!"

मी कैची घेतली. साऱ्यांसमोर टाके उसवले. तू म्हणली, "आई, लोक पाहून राह्यले." मी म्हणलं, पाहू दे. तू म्हणली, "तुले माह्या कामाची किंमत नाही." मी गोधडी गुंडाळली अन् ओदेतकडे गेली, अन् विमानाचं तिकीट बदलून दहा दिवस आधीच वापस आली. गोधडी आता माह्या पेटीत आहे. पाहुण्यायले दाखवाले काढून ठेव म्हणते ना? नाही काढणार.

आई


१५ ऑक्टोबर २०२४

समता,

जयभीम. काल धम्मचक्र दिनाले विहारात सारे होते. तुह्या संगं शिकलेली काजल विचारत होती, समता कधी येते. मी म्हणलं, तिले विचार.

मागचं पत्र टाकलं अन् मग दोन दिवस डोक्यात एकच घोकत होती, की मी तुले वाट्टेल ते बोलली अन् काऊन ते सांगितलंच नाही. आता सांगते. रागातच सांगते, नाही तर सांगणं होणार नाही.

दुष्काळाचं साल होतं. मी तिसरीत. हिवाळा लागला अन् घरात पांघराले काही नव्हतं. आई, म्हणजे तुही आजी जनकाबाई, मले घेऊन भाऊरावच्या घरी गेली. वरच्या आळीतलं, मोठं. पुढच्या दारानं नाही. मागून, गोठ्याकडून. तिथं दार होतं, आम्ही त्याच्यापासून दहा पावलं लांब उभे राह्यलो. आईनं हाक मारली, "बाई, काही जुनंपानं असन तं द्या." भाऊरावची बायको आली अन् गाठोडं फेकलं. आईच्या पायाशी नाही पडलं, शेणात पडलं. आईनं उचललं, "तुमचं भलं होवो" म्हणली. मी ते ऐकलं.

गाठोड्यात एक हिरवा झगा होता. खिशावर पांढरं बदक काढलेलं. आईनं तो मले धुऊन दिला अन् बाकीचे तुकडे गोधडीले लावले. मी तो झगा घालून शाळेत गेली. इतकी खूश होती मी समता, धावतच गेली. वर्गात वच्छला बसलेली, भाऊरावची एकुलती एक पोरगी. तिनं मले पाह्यलं अन् जोरानं म्हणली, "गुरुजी, हा माहा झगा! बदक माह्या मावशीनं काढलं!" ती वाईट मनानं नाही बोलली. तिले खरंच झगा पाहून आनंद झाला. गुरुजी हसले. मग सारा वर्ग हसला. चौथी सुटेपर्यंत मले कोणी नावानं नाही बोलावलं, बदकच म्हणत.

मी घरी येऊन सांगितलं. आईनं झगा माह्या अंगावरून काढला अन् चुलीत घातला. तो लवकर पेटेना, मी रडून रडून ओला केला होता. मंग तिनं गोधडी घेतली अन् त्या घरचा एकेक तुकडा उसवला. दोन दिवस उसवत होती. उरलं ते टॉवेलाएवढं. त्या हिवाळ्यात आम्ही तिघं त्याच्याखाली झोपलो. अन् तिनं तेव्हा नियम केला: जो पांघरीन, त्याच्याच अंगावरचं कापड. उतरलेलं कापड आपल्या गोधडीत नाही, राजाचं असो नाही तर राणीचं.

म्हणून तुही गोधडी आजीच्या हातून वीस वर्षांत बी पूर्ण भरली नाही. गरिबीच्या घरात कपडा फाटाले लई वेळ लागते. आम्ही घालतच राह्यतो.

अन् तू मले सांगते, घरोघर जाऊन मागून आण. वच्छला अजून त्याच घरात आहे, नवरा घरजावई आणला होता. नातवाले अंगणवाडीत आणाले ती यायची, मले 'बाई' म्हणते. माह्या दारात आली तरी ओट्यावरच बसते, आत ये म्हणलं तर "घाई आहे" म्हणते. तीस वर्षांची घाई. झग्याचं ती विसरली असन. मी त्या घरी जाऊन जुनंपानं मागू? फ्रेंच लोकायसाठी?

आता तू म्हणशीन, हे मले आधी काऊन नाही सांगितलं. अन् इथं माही चूक आहे, अन् तिच्याचमुळे मी इतकी तडतड करून राह्यली. मी तुले कधीच नाही सांगितलं. तू लहानपणी विचारे, "आई, गोधडीत इतके तुकडे काऊन?" मी म्हणे, "तुकड्यात माया असते." आजी तोंड फिरवून घे. मले वाटे, पोरीच्या डोक्यावर हे ओझं नको, तिले शिकू दे, जग पाहू दे. तू शिकली, जग पाह्यलं, अन् माही थाप तिकडे जाऊन फ्रेंचमध्ये छापली. मी तुह्यावर चिडली समता, पण ते खोटं माह्याच तोंडचं आहे.

अजून एक, हे तरी तू ऐकून घे. त्या रविवारी मी गोधडी घेऊन ओदेतकडे गेली. तिले माहं काहीच समजत नव्हतं. मी उसवलेली लेस दाखवली, माह्या अंगावरचं पातळ दाखवलं, मान हलवली: ते नाही, हे.  मग तिनं माहा हात धरला अन् नेलं, टेकडीवरच्या त्या मोठ्या हवेलीकडे, ज्याचा फोटो तू पत्रकावर छापला. पुढून नाही. मागे. भिंतीले एक बुटकं दार आहे, वाकून जावं लागते. तिनं खिशातून आपल्या आईचा फोटो काढला, पांढरा एप्रन, हात लाल. दाराकडे बोट दाखवलं, फोटोकडे दाखवलं. मग स्वतःच्या लहानपणीच्या उंचीएवढा हात धरला, अन् आपल्या बाह्या ओढून दाखवल्या, लांब, ढगळ. मालकिणीच्या पोरीचे कपडे. मग ती थुंकली, त्या दाराजवळच.

तू चार वर्षं तिची भाषा बोलून राह्यली. तिच्या टोपल्याचे फोटो काढते, तिच्या भिंतीवरच्या वेली पाहून 'किती शांत आयुष्य' म्हणते. हे तुले माहीत होतं का? नसन. तू विचारलंच नाही. दुरून डोंगर साजरे, तिचं बी अन् माहं बी.

अन् तरी मले ते गाव आवडते. ते दार पाह्यल्यावर जास्तच आवडलं. तुले मी तेच सांगू पाह्यते अन् जमत नाही.

आई


८ डिसेंबर २०२४

समता,

जयभीम.

पार्सल मिळालं. पोस्टमननं पाच जणांच्या सह्या घेतल्यासारखा थाट केला अन् उघडेपर्यंत हलला नाही. तुही चिठ्ठी मी तो गेल्यावर वाचली.

आधी ते पिवळं. तू जाताना चिखलीहून घेतलेला कुडता. मले वाटलं होतं तू तो पॅरिसच्या विमानतळावरच टाकला असशीन, तिकडच्या लोकायसमोर कुठं घालशीन. दोन्ही कोपरं फाटलेले, गवताचे डाग, खालची शिवण तीनदा घातलेली, अन् घातलेली बी वाकडीतिकडी. इतका वापरला अन् मले एक फोटो नाही पाठवला कधी? सारे फोटो त्या जाड लोकरीच्या कोटातले. मी उगाच जळत होती.

मग ओदेतचा निळा एप्रन. खरं सांगते, मी तो चार दिवस बाजूले ठेवला. हे बी उतरलेलंच कापड, म्हणलं. आपला नियम आपल्यालेच अडला. मग तू तिच्या चिठ्ठीचं केलेलं मराठी पुन्हा वाचलं. "हे दिलेलं नाही. मी जानेवारीत येते आहे. तुमच्याकडे थंडी असते म्हणतात, मग मी कशाखाली झोपू?" अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई विमानात बसून जानेफळले येते, अन् स्वतःच्या वाटणीचं कापड आधी पाठवते. आजी असती तर म्हणली असती, हिले अक्कल आहे.

पट्टीत आधी तुहा कुडता लावला, मग एप्रन. चार बोटं अजून रिकामी आहे. ते राहू दे.

आता तुह्या चिठ्ठीचं. तू म्हणते पत्रक वापस घेतलं, चुकलं, माफ कर, अन् जानेवारीचा दौरा रद्द करते. वा! लोक चुकले की दुरुस्त करतात, तू रद्द करते. तुह्या बापाची सवय, भांडण झालं की शेतात जाऊन बसायचं. काही रद्द नाही करायचं. ओदेतचं तिकीट झालं आहे.

तुम्ही या. गॅस राह्यन, टाइल राह्यतीन, टीव्हीवर ओदेतले मॅच पाह्यची असन तर पाहीन. ज्याले जमिनीवर बसायचं त्यानं बसावं, ज्याचे गुडघे दुखतात त्याले खुर्ची. एकेकानं आपल्या अंगावरचं एक फाटकं घेऊन यावं, दुकानातलं नाही, बाजारातलं नाही. कोणी विचारलं काऊन, तर तू सांग. बदकासकट सांग. मी बाजूले बसीन. तू चुकली तर तिथंच टोकीन, पाहुणे असले तरी.

अन् सगळ्या घरच्या बाया एकत्र बसतात, असं जे तू छापलं होतं, ते खोडलं म्हणते. खोडू नको. खोटं आहे ते, पण मी साठ वर्षांत ते खरं करून पाह्याची हिंमत केली नाही. माह्या अंगणात दहा सतरंज्या मावतात. तू आली की गावात फिरजो, घरोघर. कापड मागाले नाही, बसाले बोलवाले. आपापली सुई, आपापलं फाटकं. कोणी येईन, कोणी येणार नाही. जे होईन ते छाप.

वच्छलाच्या घरापासून सुरू करजो. पुढच्या दारानं जाजो.

तुही आई